टँगोतलं ‘सुर’: ती गेली, की वस्ती गेली? (भाषांतरासाठी मदत हवी)

तळटीप

१९४८ सालच्या ‘सुर’ (म्हणजे ‘दक्षिण’) या टँगोचं, अर्जेंटिनातल्या एका गाण्याचं, मराठीत गद्य भाषांतर करतो आहे. शब्द ओमेरो मान्सीचे, चाल आनिबाल त्रोइलोची. ब्युनोस आयरेसच्या दक्षिण टोकाची जुनी वस्ती, तिथली एक मुलगी, आणि या दोन्हींतलं आता काहीही शिल्लक नाही हे सांगणारा एक माणूस. मजकूर एवढाच. तरी तीन ठिकाणी गाडं अडलंय.

१) गाणं नक्की कशाचं आहे? मुलगी गेल्याचं की वस्ती बदलल्याचं? एका ओळीत तिचे केस, थोडं पुढे लोहाराचा कोपरा. मराठीत उतरवलं की घरसामानाची यादी वाचल्यासारखं वाटतं.

२) शब्दकोश स्पेनमधला आहे. त्याप्रमाणे आल्मासेन म्हणजे गोदाम, वेरेदा म्हणजे पायवाट, नोविया म्हणजे नवरी, विद्रिएरा म्हणजे चर्चमध्ये असते तशी रंगीत काच, आणि आल्फाल्फा म्हणजे लसूणघास. त्यामुळे माझा नायक गोदामाच्या उजेडात, चर्चच्या काचेला टेकून, लसणाचा वास घेत एका नवरीची वाट बघतोय.

३) ध्रुवपदाच्या सुरुवातीला क्रियापदच नाही. दक्षिण, मोठी भिंत, ‘आणि मग’. मग काय? वाक्य मी पुरं करायचं का?

याच जातीची आणखी कोणती गाणी शेजारी ठेवून वाचावीत, तेही सांगा.

---

काठाकाठाने

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू. तो सुटला की पहिला निम्मा सुटतो.

तुमचा शब्दकोश चुकीचा नाही, फक्त समुद्राच्या पलीकडचा आहे. यातले बरेच शब्द अर्जेंटिनात गेल्यावर अर्थ बदलून बसले.

आल्मासेन: स्पेनमध्ये गोदाम. ब्युनोस आयरेसच्या जुन्या वस्तीत मात्र कोपऱ्यावरचं किराणा दुकान. त्याच्याच एका भागात उभ्या-उभ्या दारू मिळायची, पत्त्यांचे डाव चालायचे. रात्री बाकी कोपरा अंधारात आणि उजेड तेवढा या दुकानाचा, म्हणून ध्रुवपदात तो एकच दिवा येतो. ‘वाण्याचं दुकान’ लिहू नका, वाचक थेट आपल्या गल्लीत येऊन उभा राहील. ‘कोपऱ्यावरच्या दुकानाचा दिवा’ पुरे. (शब्द मुळात अरबी, ‘मख्झन’. आपला ‘खजिना’ही त्याच धातूचा.)

विद्रिएरा: त्याच दुकानाची दर्शनी काच. तो तिला टेकून वाट बघतोय. दिवा आणि काच वेगवेगळ्या ओळींत असल्या तरी जागा एकच आहे, हे भाषांतरात कळलं पाहिजे. दिवा दुकानाचा आणि काच भलत्याच कशाची तरी झाली, की त्याचं उभं राहणंच हवेत तरंगतं.

वेरेदा: इथे घरापुढचा फुटपाथ. पायवाट अजिबात नाही. ओळीतला क्रम पाहा: तुझं घर, तुझा फुटपाथ, आणि लगेच सान्होन, म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणारा मोठा उघडा चर. घरापुढे फरशी पडलेली आहे, पण रस्त्याकडेला अजून चर आहे. अर्धवट झालेलं शहर तीन नामांत उभं केलंय. ‘पायवाट’ केलंत तर ते खेडं होतं. ‘नाला’ केलंत तर गटार होतं. ‘चर’ ठेवा.

आल्फाल्फा: वनस्पती म्हणून लसूणघास बरोबर आहे. पण लसणाशी तिचा संबंध नाही आणि मराठी वाचकाच्या नाकात नेमका लसूणच जाणार. ‘ओला चारा’ किंवा ‘कापलेला चारा’ लिहा. वनस्पतिशास्त्र गेलं तरी चालेल, वास राहिला पाहिजे. त्याच्या जोडीला युयो आहे, हा दक्षिण अमेरिकेतल्या केचुआ भाषेतून आलेला शब्द. अर्थ रानटी गवत, तण. स्पेनच्या कोशात तो सापडला तरी ‘औषधी वनस्पती’च्या आसपास काहीतरी दिसेल. ते घेऊ नका.

नोविया: ठरलेली किंवा जिच्याशी जमलंय ती. लग्न इथे कुठेच नाही. ‘नवरी’ आली तर पूर्ण कथाच वेगळी होईल.

तेर्राप्लेन: रेल्वेरुळांखालचा मातीचा भराव. ‘बांध’ म्हटलंत तर शेत दिसतं. ‘रेल्वेचा भराव’ असं स्पष्टच लिहा.

आता मुख्य मुद्दा. लोहाराचा कोपरा, चिखल, चाऱ्याचा वास या तीन सुट्या आठवणी नाहीत. त्या एकाच व्यवस्थेचे भाग आहेत: घोडा. मालाची ने-आण घोडागाडीने, म्हणून नाल ठोकणारा लोहार, म्हणून चारा, म्हणून चाकांनी उखडलेला चिखलाचा रस्ता. डांबर आणि मोटार आली की यातलं एकेक जात नाही, सगळा संच एकदम उठतो. मान्सी ‘वस्ती बदलली’ हे दुसऱ्या कडव्यात एका ओळीत सांगून मोकळा होतो. काय बदललं ते त्याने पहिल्या कडव्यातच दाखवून ठेवलेलं असतं. तुमची यादी ‘घरसामान’ वाटते कारण वस्तूंमधलं हे नातं तुटलंय. लोहार, चिखल आणि चारा एका वाक्यात, एका श्वासात आणून बघा.

‘पूर’ या शब्दाचंही तसंच. पहिल्या ओळींत पोम्पेया आणि त्यापलीकडे ‘पूर’ असं येतं. तिथे पूर ही घटना नाही, जागा आहे. पोम्पेया ही शहराच्या दक्षिणेची वस्ती रियाचुएलो नदीकाठच्या सखल भागात आहे. त्यापुढची जमीन इतकी नेमाने पाण्याखाली जायची की ‘पलीकडे काय’ याचं उत्तरच ‘पूर’. ‘पलीकडे पूर आला होता’ असं क्रियापद जोडलंत की बातमी होते. ‘पोम्पेया, आणि पलीकडे पूर’. बस.

---

बंद_फाटक

घोड्याचा मुद्दा पटला. फक्त हे गाणं दस्तऐवज समजून वाचू नका, एवढी पुस्ती जोडतो.

मान्सीचा जन्म १९०७ चा, सांतियागो देल एस्तेरो प्रांतातल्या आन्यातुया गावचा. लहानपणीच तो राजधानीत आला आणि पोम्पेयातल्या लुप्पी नावाच्या शाळेत शिकला. ‘सुर’ १९४८ चं. म्हणजे गाण्यातली वस्ती साधारण १९२० च्या आगेमागेची. लिहिताना मधली पंचवीस-तीस वर्षं उलटून गेलेली. १९५१ च्या मे महिन्यात, ४३ व्या वर्षी तो वारला.

दक्षिणच का, हेही माहीत असायला हवं. १८७१ च्या पीतज्वराच्या साथीनंतर पैसेवाले दक्षिणेकडची घरं सोडून उत्तरेला सरकले. मागे राहिलेले वाडे खोल्याखोल्यांनी भाड्याने गेले. त्यांना तिथे ‘कोन्वेन्तियो’ म्हणत. युरोपातून बोटी भरून माणसं येत होती. १९१४ च्या जनगणनेत शहराची वस्ती १५ लाखांच्या पुढे गेलेली आणि त्यातले जवळपास निम्मे परदेशात जन्मलेले. पुढे ट्रामचे रूळ पसरले, कडेच्या मोकळ्या जमिनीचे तुकडे हप्त्यांवर विकले गेले आणि खोलीत राहणारी कुटुंबं तिकडे घरं बांधायला लागली. शहर जिथे संपतं आणि पाम्पाचं, म्हणजे सपाट माळरानाचं, गवत सुरू होतं त्या कडेला टँगो ‘आर्राबाल’ म्हणतो. ती कड सतत पुढे सरकत होती. त्यामुळे कुणाचंही ‘जुनं आर्राबाल’ पंधरा-वीस वर्षांत नाहीसं व्हायचंच. ही हळहळ मान्सीने शोधलेली नाही.

पुरावा हवा तर १९२६ चं ‘पुएन्ते आल्सिना’ ऐका, शब्द आणि चाल बेनहामिन ताग्ले लाराची. पुएन्ते आल्सिना म्हणजे पोम्पेयाजवळचा, रियाचुएलोवरचा पूल. डांबराने एका फटक्यात जन्मवस्ती पुसून टाकली, अशी थेट तक्रार त्यात आहे. ‘सुर’च्या २२ वर्षं आधी! तिथे दोषी कोण ते नाव घेऊन सांगितलंय: डांबर, अव्हेन्यू, प्रगती. मान्सी दोषी कुणालाच ठरवत नाही. त्याच्याकडे वाळू आहे, आयुष्याने वाहून नेलेली. भाषांतरात चुकूनही ‘विकासाने’, ‘शहरीकरणाने’ असले शब्द घुसवू नका.

आणि गाण्यातला पत्ता. सान हुआन आणि बोएदो ही दोन रस्त्यांची नावं आहेत. ती दोन माणसं नव्हेत आणि दोन वस्त्याही नव्हेत. मध्ये ‘इ’ आहे, म्हणजे ‘आणि’, तिथल्या लोकांची चौक सांगायची तीच पद्धत. पुढचं ‘आन्तीग्वो’ म्हणजे ‘जुना’. तेव्हा ‘सान हुआन–बोएदोचा जुना चौक’. ‘संत योहान’ केलेलं एक भाषांतर पाहण्यात आहे. हसू नका, ‘सान’ दिसला की हात आपोआप तिकडे जातो.

---

उकार_ऊकार

शीर्षकाकडेही बघा. ‘सुर’ म्हणजे दक्षिण. गाणं संगीतातलं असल्याने मराठी वाचक ते हमखास ‘सूर’ वाचणार. ऱ्हस्व-दीर्घाच्या भरवशावर राहू नका. एकतर शीर्षकच ‘दक्षिण’ करा, नाहीतर पहिल्या ओळीआधी सांगून टाका. ध्रुवपदात तो शब्द दोनदा हाक मारल्यासारखा येतो. तिथे ‘सुर’ ठेवलात तर सगळा परिच्छेद संगीताबद्दल आहे असं वाटेल.

---

पूर्णभूत

तिसऱ्या प्रश्नाचं आणि व्याकरणाचं मी घेतो.

ध्रुवपदाचं सुरुवातीचं वाक्य पुरं करू नका. दक्षिण, लांबलचक भिंत, ‘आणि मग’. त्या ‘मग’नंतर मोकळी जागा हवी. भिंत संपल्यावर पुढे काहीच नव्हतं, नुसतं माळरान, ते ऐकणाऱ्याने स्वतः बघायचं आहे. मराठीला हे जमतं. आपल्याकडे क्रियापदाशिवाय वाक्य उभं राहतं, फक्त पूर्णविराम योग्य जागी द्यावा लागतो. दोन सूचना: ‘मग’ऐवजी ‘नंतर’ घेऊ नका, ‘नंतर’ काळाकडे जास्त झुकतं. मूळ शब्द ‘देस्पुएस’ जागा आणि काळ दोन्हीकडे बघतो. ‘भिंत, आणि पुढे’ हा पर्यायही चांगला आहे: ‘पुढे’ जागेचंही, काळाचंही.

त्यानंतर लगेच क्रियापदं येतात आणि तिथे भाषांतरकार घसरतात.

‘व्हिएरास’ हे ‘पाहणे’ या क्रियापदाचं रूप आजच्या पुस्तकी स्पॅनिशमध्ये संशयार्थी, म्हणून बरेच जण ‘जसा तू मला पाहशील’ किंवा ‘जसा तू पाहावास’ करतात. चूक. ‘-रा’ शेवट असलेलं हे रूप लॅटिनपासून पूर्णभूतकाळाचं आहे आणि साहित्यिक स्पॅनिशमध्ये तो जुना अर्थ टिकून राहिला. म्हणून: ‘तू तेव्हा मला पाहिलं होतंस, तसा आता कधीच दिसणार नाही.’ आपला ‘होतंस’ इथे अगदी नेमका बसतो. इंग्रजीवरून भाषांतर केलंत तर हा पूर्णभूत बहुधा वाटेतच गळालेला असतो.

त्याच वाक्यात भविष्यकाळ आणि ‘या नुन्का’ एकत्र आहेत: ‘आता कधीच’. भूतकाळाची तक्रार भविष्यकाळात केली आहे. पुढच्या ओळींतही तेच: तारे घेऊन रस्ता उजळणं आता कधीच होणार नाही. सोपं जावं म्हणून ‘तो काळ गेला’ असं सरळ करू नका. ‘गेला’ म्हटलं की दार लागलं. ‘आता कधीच … नाही’मध्ये ते प्रत्येक वेळी नव्याने लागतं.

शेवटी ‘सगळं मेलं आहे, ठाऊक आहे मला’. इथे वर्तमान पूर्णकाळ आहे. ब्युनोस आयरेसचे लोक रोजच्या बोलण्यात साधा भूतकाळ जास्त वापरतात, त्यामुळे हे रूप कानाला जरा जड लागतं आणि ते हवंच आहे. ‘मेलं’ नाही, ‘मेलं आहे’. आणि ‘ठाऊक आहे मला’मध्ये कारुण्य कमी, तुटकपणा जास्त. समजूत घालायला येणाऱ्याला वाटेतच थांबवल्यासारखं. ‘हाय, मला ठाऊक आहे’ वगैरे नको.

दुसऱ्या कडव्यातला ‘तुस वेइन्ते आन्योस’ हा आणखी एक खड्डा. शब्दशः ‘तुझी वीस वर्षं’. मराठीत वाचलं तर वीस वर्षं ती काहीतरी करत होती असं वाटतं. अर्थ आहे तिचं वय: ‘विशीतली तू’. पाठोपाठ ‘व्होल्वेर’ (म्हणजे ‘परतणं’) हा टँगो वाचणार असाल तर तिथे वीस वर्षं हा खरोखरच कालावधी आहे. एकच आकडा, पण गल्लत करू नका.

गाता येईल असं भाषांतर करणाऱ्यांसाठी (तळटीप गद्य करताहेत, तरी कुणी ना कुणी विचारेलच): कडव्यांतल्या ओळी मोजमापाने बहुतेक ११ अक्षरांच्या आहेत. स्पॅनिशमध्ये शब्दाच्या शेवटचा स्वर आणि पुढच्या शब्दाचा पहिला स्वर एकत्र मोजतात. शिवाय ओळीचा शेवट आघाती अक्षरावर झाला तर एक मिळवायचं, आघात शेवटून तिसऱ्या अक्षरावर असला तर एक वजा करायचं. पोम्पेया आणि पुराची ओळ मोजा: पोम्-पे-याय-मास्-आ-या-लाय-नुन्-दा-सिओन. कानाला १०, हिशेबात ११. ध्रुवपदातला ‘एस्पेरान्दोते’, म्हणजे ‘तुझी वाट पाहत’, उलट प्रकारचा. आघात ‘रान्’वर, त्यानंतरची दोन अक्षरं ढिली सोडलेली. वाट बघणं तिथे अक्षरशः सुटत जातं. मराठीत हा आघात मिळणार नाही. त्याची नक्कल करत बसण्यापेक्षा शब्द ओळीच्या अगदी शेवटी ठेवा, म्हणजे निदान त्याच्यापुढे शांतता तरी मिळेल.

---

काठाकाठाने

पहिला प्रश्न राहिलाच की.

मुलीबद्दल गाण्यात काय-काय सांगितलंय ते मोजा. केस. नाव (म्हणजे ‘तुझं नाव’ असा उल्लेख, प्रत्यक्ष नाव नाही). घर, फुटपाथ, खिडकी. विशी. चोरून घेतलेलं एक चुंबन. चेहरा नाही, आवाज नाही, ती एक शब्द बोलत नाही, आणि कोण कुणाला सोडून गेलं तेही सांगितलेलं नाही. याउलट वस्तीला दिशा आहे, चौक आहे, वास आहे, भराव आहे, चंद्र आहेत (हो, अनेकवचनी). म्हणजे तिच्याबद्दल जे सांगायचं ते वस्तीच्या अंगावर लिहिलंय. तिची खिडकी आठवायची तर रस्ता लागतो, आणि रस्ताच उरला नाही. ‘ती की वस्ती’ हा पेच तुम्ही सोडवू नका. ‘माझं प्रेम आणि तुझी खिडकी’ ही जोडी मूळ ओळीत ‘आणि’ने जोडली आहे, तो ‘आणि’ तेवढा जपा. ‘तुझ्या खिडकीतलं माझं प्रेम’ केलंत की संपलं.

मान्सीच्याच १९४२ च्या ‘बार्रिओ दे तांगो’शी ताडून बघा, चालही त्रोइलोचीच. तोच पोम्पेया, तोच रेल्वेचा भराव, फाटकावर हलणारा दिवा, चंद्राकडे तोंड करून भुंकणारी कुत्री. तिथे मुलीला नाव आहे, हुआना, सोनेरी केसांची. आणि तिला सोडून आलेला निवेदकच आहे, तसं तो स्वतः कबूल करतो. सहा वर्षांनंतर नाव गेलं, कबुलीही गेली. ‘सुर’मध्ये सगळं इतकं पुसट का, ते या दोन गाण्यांमधल्या फरकावरून लक्षात येतं.

---

तळटीप

लसूण काढला. नवरीही परत पाठवली. लोहार, चिखल, चारा एका वाक्यात आणल्यावर यादीपण खरंच गेलं. ध्रुवपद आत्ता असं आहे: ‘दक्षिण. लांब भिंत, आणि पुढे. दक्षिण. कोपऱ्यावरच्या दुकानाचा एक दिवा.’ हे फार कोरडं होतंय का? आणि ऐकायच्या गाण्यांचं कुणीतरी सांगा. यादीत ‘कामिनितो’ घेऊ का? तेही हरवलेल्या प्रेमाचं आणि वाटेचंच.

---

बंद_फाटक

कोरडं नाही, असंच असू द्या. मूळही तेवढंच कोरडं आहे, ओल चालीत आहे.

‘कामिनितो’ जपून. १९२६ चं गाणं, चाल हुआन दे दिओस फिलिबेर्तोची, शब्द गाबिनो कोरिया पेन्यालोसाचे. पर्यटक ज्या रंगीबेरंगी घरांच्या गल्लीत फोटो काढतात ती ला बोका वस्तीतली ‘कामिनितो’, म्हणून ते वस्तीचं गाणं आहे असा समज आहे. पण कवीची वाट ला रियोहा प्रांतात, ओल्ता गावाकडची. राजधानीपासून पार लांब, डोंगराकडची. शब्दांतच खूण आहे: वाटेच्या कडेला तिपतिया आणि फुललेलं लव्हाळं, फुटपाथ नाही, दिवा नाही. ला बोकातल्या गल्लीला हे नाव अधिकृतपणे १९५९ मध्ये मिळालं, चित्रकार किन्केला मार्तिन यांच्या पुढाकाराने. म्हणजे इथे गाण्यावरून वस्ती झाली. प्रेमभंगासाठी ऐका, आर्राबालसाठी नको.

ऐकायचा क्रम मी असा ठेवेन. ‘मि नोचे त्रिस्ते’ सगळ्यात आधी. सामुएल कास्त्रिओताच्या ‘लिता’ या वाद्यटँगोवर पास्कुआल कोन्तुर्सीने शब्द बसवले, गायक कार्लोस गार्देलने ते १९१७ मध्ये गायलं, आणि प्रेमभंगाची कथा सांगणारा टँगो तिथून रुळला. त्यात वस्ती नाहीच, एक खोली आहे. कपाटात टांगलेली गिटार, रडल्यासारखा धूसर आरसा, उजेड द्यायला तयार नसलेला दिवा. वस्तूंनी दुःख बोलायची युक्ती इथलीच. मग ‘पुएन्ते आल्सिना’, तिथे तक्रार रस्त्यावर येते. मग ‘व्होल्वेर’, चाल गार्देलची, शब्द ले पेराचे. तिथे मात्र उलटं आहे: दिवे तेच, रस्ता तोच, कानशिलं पांढरी झाली ती माणसाची. त्यानंतर १९४१ चं ‘तिन्ता रोहा’, शब्द कातुलो कास्तियोचे, चाल सेबास्तियान पियानाची. ते भिंतीपासूनच सुरू होतं. करड्या ‘काल’वर लाल शाई. किरमिजी टपालपेटी. खानावळीत वाइन पीत आपल्या दूरच्या प्रेमासाठी रडणारा ‘तानो’, म्हणजे इटालियन. निवेदकाचं प्रेम नाही, दुसऱ्याचंच, आणि त्याची वस्ती तर समुद्रापलीकडे. ‘तानो’चं भाषांतर ‘इटालियन’ केलंत तर पासपोर्ट तपासल्यासारखं वाटतं. तिथे शब्द तसाच ठेवा. नंतर ‘बार्रिओ दे तांगो’ आणि शेवटी ‘सुर’. खोली, रस्ता, क्षितिज असं दुःख पसरत जाताना ऐकू येतं.

दोन व्यावहारिक गोष्टी. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. नाचाच्या वाद्यवृंदासोबतची ध्वनिमुद्रणं बऱ्याचदा अर्धे शब्द गाळतात, कारण वादनालाही जागा हवी आणि नाचणाऱ्यांना कथेशी देणंघेणं नाही. त्यामुळे पाठ ताडून बघायचा तर छापील शब्द समोर ठेवा आणि दोन्ही कडवी गाणारं ध्वनिमुद्रण शोधा. बदललेल्या वस्तीची ओळ दुसऱ्या कडव्यात आहे, तीच गाळली गेली तर तुमचा पहिला प्रश्नच पडणार नाही. १९४८ मध्ये त्रोइलोच्या वाद्यवृंदासोबत गायला एदमुंदो रिवेरो होता, त्या काळातल्या गायकांच्या मानाने फार खोल, खर्जातला आवाज. वयाचा भाव त्या आवाजाने आपोआप येतो. भाषांतरात ‘उदास’, ‘खिन्न’ अशी विशेषणं घालायचा मोह झाला तर तो आवाज आठवा.

दुसरं: १९४३ नंतर काही वर्षं रेडिओवर लुन्फार्दो, म्हणजे शहरी बोलीतले चालू शब्द आणि दारूचे उल्लेख यांना बंदी होती. गाण्यांची नावंसुद्धा बदलली. ‘लोस मारेआदोस’, म्हणजे दारूने झिंगलेले, हे ‘एन मि पासादो’, म्हणजे ‘माझ्या गतकाळात’ झालं. एकाच गाण्याचे दोन पाठ हाती आले तर कुठला आधीचा ते बघा. ‘सुर’ला ही अडचण नाही, मान्सी लुन्फार्दो जवळपास वापरतच नाही. म्हणूनच त्याचं भाषांतर सोपं वाटतं आणि तिथेच फसायला होतं.

---

उकार_ऊकार

उच्चार आणि लिप्यंतराबद्दल एकच. ‘पोम्पेया’, ‘युयो’, ‘काये’ (रस्ता) यांतला ‘य’ ब्युनोस आयरेसमध्ये आज ‘श’ ऐकू येतो: पोम्पेशा, शुशो, काशे. जुन्या तबकड्यांवर तो ‘झ’कडे झुकलेला असतो आणि काही गायक गाताना साधा ‘य’च ठेवतात. तेव्हा ‘य’ लिहा आणि सगळीकडे ‘य’च लिहा. एका ओळीत पोम्पेया आणि दुसरीत पोम्पेशा आलं तर वाचक दोन गावं समजेल.

---

पूर्णभूत

‘लांब भिंत’बद्दल एक शंका. मूळ शब्द ‘पारेदोन’, भिंतीचं मोठेपण दाखवणारं रूप. कारखान्याची किंवा आवाराची असते तशी उंच, बिनखिडक्यांची. ‘लांब’मध्ये उंची येत नाही. ‘तट’ म्हटलं तर किल्ला होतो. आणि हाच शब्द स्पॅनिशमध्ये गोळ्या घालायला माणसांना उभं करतात त्या भिंतीसाठीही चालतो, तो अर्थ इथे शिरायला नको.

---

तळटीप

‘आंधळी भिंत’?

---

पूर्णभूत

गाणं भिंतीला डोळे देत नाही, तुम्हीही देऊ नका. ‘मोठी भिंत’. चालत जाताना ती बराच वेळ संपत नाही, ते ‘आणि पुढे’ सांगेल.